घरच्या ओव्हनपासून स्वतःच्या बेकरीपर्यंत: नाशिकमध्ये केकचा व्यवसाय सुरू करताना

नाशिकमध्ये आता जवळपास प्रत्येक कॉलनीत घरून केक करून देणारं कुणी ना कुणी सापडतं. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, नाशिकरोड, म्हसरूळ, कुठेही विचारा. सुरुवात बहुतेकांची सारखीच होते: घरच्यांच्या वाढदिवसाला केक केला, शेजारच्यांनी मागितला, मग ऑर्डर यायला लागल्या. बंद पडण्याची कारणंही ठरलेली आहेत. भाव अंदाजाने लावलेला असतो, मेनूत वीस प्रकार असतात, दुकानांकडे उधारी अडकलेली असते, किंवा ऑर्डर येण्याआधीच कर्ज काढून मोठा ओव्हन घेतलेला असतो. केक चांगला जमत नाही म्हणून व्यवसाय बुडाला, असं फार कमी वेळा होतं. म्हणून खाली पाककृतीइतकीच जागा हिशेबाला, कागदपत्रांना आणि डिलिव्हरीला दिली आहे.

१. मेनू छोटा ठेवा

पहिले सहा महिने तीनच गोष्टी विका: एक एगलेस स्पंज आणि त्याचे तीन स्वाद, एक कोरडा, म्हणजे क्रीम न लावलेला केक, एक बिस्किटाचा प्रकार. तेवढंच, पण प्रत्येक वेळी तसंच्या तसं. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं ते मागच्या वेळच्या चवीसाठी, आणि वीस प्रकारांमध्ये ती चव सांभाळता येत नाही. शिवाय प्रत्येक नव्या प्रकारामागे एक अर्धवट वापरलेला डबा फ्रीजमध्ये पडून राहतो, तो खर्च कुठल्याच केकवर लागत नाही.

एगलेसने सुरुवात करा, कारण श्रावण, गणपती, नवरात्र या दिवसांत अंड्याच्या केकची मागणी घटते, आणि गुजराती, मारवाडी, जैन घरांतून वर्षभर एगलेसच मागतात. पुढे अंड्याचे केक सुरू केलेत तर भांडी, बीटर, टिन वेगळे ठेवा आणि विचारलं तर खरं सांगा. "एकाच ओव्हनमध्ये दोन्ही होतात का?" हा प्रश्न हमखास येतो.

कोरड्या केकसाठी नाशिकचा बेदाणा हाताशी आहे. बिस्किटांत नानकटाई चालतेच, पण नागलीच्या बिस्किटांचा विचार जरूर करा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी भागात नागली पिकते, पीठ ताजं मिळतं. फक्त नागलीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे नुसत्या नागलीचं बिस्कीट हातात भुगा होतं. ६० भाग नागली, ४० भाग गव्हाचं पीठ असं प्रमाण धरा आणि नागलीचं पीठ आधी मंद आचेवर खमंग भाजून, पूर्ण गार करून घ्या. कच्चट वास जातो.

कोरडा माल ठेवायचं कारण साधं आहे. पितृपक्षात आणि परीक्षांच्या दिवसांत वाढदिवसाचे केक कमी होतात, तेव्हा महिना हाच माल सावरतो.

२. सामान: काय घ्यायचं, काय नाही

लागेल ते एवढं:

- ओटीजी, म्हणजे विजेवरचा घरगुती ओव्हन. साधारण ३० लिटरच्या ओव्हनमध्ये ८ इंची एकच टिन नीट बसतो, त्यामुळे जमलं तर ४५ ते ६० लिटरचा घ्या.
- १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ५ किलो क्षमतेचा वजनकाटा
- ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर
- ६, ७ आणि ८ इंची टिन, प्रत्येकी दोन
- हॅंड मिक्सर, फिरता स्टॅंड, पॅलेट नाइफ, लांब करवती सुरी, क्रीमची नक्षी काढायला चार-पाच नोझल
- फ्रीजमध्ये फक्त केकसाठी राखलेला एक कप्पा, जिथे लसूण-कांद्याचा वास पोहोचणार नाही

स्टॅंड मिक्सर, एअरब्रश, सिलिकॉनचे पन्नास साचे हे सगळं नंतर. टिन पत्र्याचे पातळ नकोत, जाड ॲल्युमिनियमचे घ्या. पातळ टिनमध्ये कडा करपतात आणि मध्य कच्चा राहतो.

विजेकडे दुर्लक्ष करू नका. २००० वॉटचा ओटीजी जवळपास ९ ॲम्पियर खेचतो. घरातल्या साध्या ६ ॲम्पियरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावला तर प्लग वितळतो. १६ ॲम्पियरचा स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग वायरमनकडून करून घ्या.

ओव्हन आणला की केक करण्याआधी तो तपासा. बटण १८० वर ठेवा, २० मिनिटं थांबा आणि थर्मामीटर वाचा. १० ते २० अंशांचा फरक सर्रास असतो. आत १९५ दाखवत असेल तर तुमच्यासाठी १८० म्हणजे बटणावरचं १६५. मग जाळीवर ब्रेडचे स्लाइस शेजारी शेजारी मांडून ८-१० मिनिटं भाजा. ज्या कोपऱ्यातला स्लाइस आधी काळा पडेल तो कोपरा लक्षात ठेवा. तिथे टिन टेकवायचा नाही.

३. स्पंज हातात बसवा

८ इंची टिनसाठी, म्हणजे साधारण एक किलोच्या तयार केकसाठी, व्हॅनिला एगलेस स्पंजचं हे प्रमाण भरवशाचं आहे:

- मैदा १९० ग्रॅम
- घट्ट, आंबट नसलेलं दही २५० ग्रॅम
- पिठीसाखर १८० ग्रॅम
- वासरहित तेल ११० ग्रॅम
- बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा
- खायचा सोडा अर्धा छोटा चमचा
- व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा, मीठ चिमूटभर

दही फ्रीजबाहेर काढून तासभर ठेवा. दही-साखर साखर विरघळेपर्यंत फेटा. त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घालून ढवळा आणि तीन-चार मिनिटं हात लावू नका. वर बुडबुडे येऊन मिश्रण फुगेल. फुगलं नाही तर पावडर शिळी आहे, तिथेच थांबा. तेल आणि इसेन्स घाला. मैदा दोनदा चाळून तीन भागांत घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवा. टिनमध्ये ओतून लगेच गरम ओव्हनमध्ये. १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही. मध्ये टूथपिक घालून कोरडी आली की काढा, दहा मिनिटांनी जाळीवर पालथा करा, पूर्ण गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये (पातळ चिकटणाऱ्या प्लास्टिकमध्ये) गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कापला तर थर स्वच्छ निघतात. ताजा कापायला गेलात तर भुगा होतो, क्रीममध्ये तुकडे मिसळतात.

चूक झाली की ती कुठे झाली हे केकच सांगतो.

मध्यभागी खचला: दार लवकर उघडलं, कच्चा असताना काढला, किंवा सोडा जास्त झाला. एगलेसमध्ये "थोडा जास्त फुगावा" म्हणून सोडा वाढवणं हा सगळ्यात मोठा मोह असतो. केक फुगतो, मग बसतो, आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

वर डोंगर येऊन तडकला: तापमान जास्त, किंवा वरचा रॉड चालू. दोन्ही रॉड चालू ठेवायचे असतील तर टिन खालच्या कप्प्यात घ्या.

तळाशी रबरासारखा ओला थर: मैदा घातल्यावर फार फेटलं, किंवा दही पातळ होतं. घरचं दही रोज वेगळं लागतं. पाणी सुटलेलं असेल तर मलमलच्या कापडात अर्धा तास टांगा आणि मग वजन करा. एप्रिल-मेमध्ये विरजण तासांत आंबतं, तेव्हा दही सकाळीच फ्रीजमध्ये ढकला.

बाजू आक्रसल्या: जास्त वेळ भाजला, किंवा टिनच्या भिंतींना भरपूर तूप फासलं. तळाला बटर पेपर, भिंतींना पुसटसा हात, एवढं पुरे.

मैदा, साखर, दह्यासाठी वाटीचं माप सोडून द्या. एकाच वाटीत मैदा भुरभुरून भरला आणि दाबून भरला तर वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि "परवा चांगला झाला होता, आज काय झालं" याचं उत्तर बहुतेक वेळा त्या फरकात असतं. एक वही ठेवा: तारीख, मैद्याचा ब्रॅंड, दही कुठलं, तापमान, मिनिटं, निकाल. ब्रॅंड बदलला की आधी एक केक स्वतःसाठी करा.

४. क्रीम आणि नाशिकचं हवामान

नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम गोठवलेलं येतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या भागात सोडायचं आणि बर्फाचे कण पूर्ण गेल्यावर, पण थंडगार असतानाच फेटायचं. भांडं आणि बीटरही अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. आधी मंद, मग मध्यम गतीवर. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून शेंडा किंचित वाकला की थांबा. त्यापुढे गेलात तर क्रीम दाणेदार होतं आणि केकवर सुरी फिरवताना खड्डे पडतात. एकदा सुटलेलं पाकीट परत गोठवू नका. लहान पाकिटं महाग वाटतात, पण रोज एकच केक असेल तर तीच स्वस्त पडतात.

एप्रिल-मेमध्ये शहराचा पारा चाळिशीला टेकतो. दुपारी स्वयंपाकघरात सजावट करायचीच नाही. पहाटे किंवा रात्री करा, किंवा एसीच्या खोलीत टेबल टाका. पावसाळ्यात फॉंडंट, म्हणजे केकवर लाटून पसरायचा साखरेचा गोळा, दमट हवेत ओलं होऊन चिकट पडतं, म्हणून जून ते सप्टेंबर पूर्ण फॉंडंटच्या केकची ऑर्डर नवख्यांनी घेऊ नये. छोटी बाहुली किंवा अक्षरं चालतील, तीही शेवटच्या तासात लावायची. थंडीत उलटा त्रास: लोणी मऊ होत नाही, दही लागत नाही. लोणी आदल्या रात्रीच बाहेर काढा.

ताजं अननस क्रीममध्ये घालताना आधी साखरेत पाच मिनिटं शिजवा. कच्च्या अननसामुळे क्रीम कडवट होतं आणि पाणी सुटतं. स्ट्रॉबेरी, द्राक्षं धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा. आणि चकाकी आणायची सोनेरी पावडर घेताना डबीवर "खाण्यायोग्य" असं स्पष्ट आणि अन्न परवान्याचा क्रमांक आहे का ते बघा. "बिनविषारी" लिहिलेली पावडर खाण्याची नसते, ती शोभेच्या वस्तूंसाठी असते. मुलांच्या केकवर ती जाते, म्हणून हे इतक्या ठासून सांगायचं.

५. भाव काढा, अंदाज करू नका

एक किलोच्या व्हॅनिला केकचा हिशेब असा मांडतात. दर उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या बिलावरचे टाका.

मैदा १९० ग्रॅम, ५० रुपये किलोने: ९.५०
दही २५० ग्रॅम, ८० रुपये किलोने: २०
साखर १८० ग्रॅम आणि स्पंज भिजवायच्या पाकाची थोडी: १२
तेल ११० ग्रॅम: १६.५०
क्रीम ३०० ग्रॅम, २२० रुपये किलोने: ६६
इसेन्स, पावडर, रंग: ६
फळं किंवा सजावट: २०
खोका, बोर्ड, रिबन: ४५

बेरीज १९५. ओव्हन, मिक्सर, फ्रीजची वीज १५ धरा आणि नासाडीचे १०. झाले २२०. आता बहुतेक जणी इथेच थांबतात आणि ३५० रुपये भाव सांगतात. पण भाजणं, क्रीम, सजावट, भांडी, फोनवरचं बोलणं मिळून दोन तास गेले. तासाला १०० रुपये धरले तरी खर्च ४२० झाला. टिन, ओव्हन, फोन, परवाना यांचा वाटा दहा टक्के, म्हणजे ४२. त्यावर नफा वीस टक्के. भाव ५५० च्या आसपास येतो. ३५० ला विकलेल्या केकमध्ये तुमच्या दोन तासांची मजुरीसुद्धा पूर्ण सुटलेली नसते.

मजुरी आणि नफा हे दोन वेगळे रकाने ठेवा. उद्या मदतीला कुणी ठेवलं तर मजुरी त्यांना जाईल, आणि नफा शून्य असेल तर नवा ओव्हन कशातून येणार?

वजनाचं गणितही इथेच पाहा. वरच्या प्रमाणाचं मिश्रण साधारण ७३० ग्रॅम होतं, भाजल्यावर ६५० च्या आसपास राहतं, वरचा घुमट कापला की ५८०. पाक १२० आणि क्रीम ३०० मिळून एक किलो. बोर्ड आणि खोक्याचं वजन यात धरायचं नाही. काही गिऱ्हाइकं घरी काट्यावर ठेवून बघतात, आणि त्यांचा तो हक्कच आहे.

ओळखीतले लोक भाव पाडून मागतील. मावशींना, मैत्रिणीला द्यायचा असेल तर भेट म्हणून द्या, पण अर्ध्या किमतीत विकू नका. तो भाव त्यांच्या पूर्ण सोसायटीत फिरतो.

६. कागदपत्रं

घरून विकत असलात तरी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ तुम्हाला लागू होतो. अर्ज एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतो. छोट्या व्यवसायाला नोंदणी पुरते, मोठ्याला परवाना लागतो. बरीच वर्षं नोंदणीची मर्यादा वार्षिक १२ लाख उलाढाल आणि फी वर्षाला १०० रुपये होती. अर्ज कराल त्या दिवशी पोर्टलवर जे दिसेल ते धरा.

हाताशी ठेवा:

- पासपोर्ट आकाराचा फोटो
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- जागेचा पुरावा: लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती. भाड्याचं घर असेल तर भाडेकरार आणि मालकाचं संमतिपत्र
- पदार्थांची यादी
- स्वतःचा मोबाइल आणि ईमेल

दोन ठिकाणी माणसं फसतात. पहिलं, सर्च केल्यावर वर येणाऱ्या, सरकारी वाटणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर फॉर्म भरून हजारो रुपये देतात. पत्त्यात शेवटी "गव्ह डॉट इन" आहे का ते बघा. दुसरं, व्यवसायाचा प्रकार चुकवतात. तुम्ही स्वतः बनवता, म्हणून उत्पादक निवडायचं आणि पदार्थांत बेकरी उत्पादनं, म्हणजे सात नंबरचा गट. किरकोळ विक्रेता म्हणून घेतलेल्या नोंदणीवर केक बनवता येत नाही. एजंटने फॉर्म भरला तरी मोबाइल नंबर तुमचाच द्या, नाहीतर पोर्टलवरचा प्रत्येक निरोप त्याच्याकडेच जात राहतो. अडलं तर अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात जाऊन विचारा.

नोंदणीचा १४ अंकी क्रमांक लेबलवर आणि बिलावर यायला हवा. बिलावर तो १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचा आहे. पाकीटबंद मालाच्या लेबलवर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची आणि वापरण्याची शेवटची तारीख, तुमचं नाव-पत्ता, आणि गहू, दूध, सुकामेवा यांसारख्या ॲलर्जी आणणाऱ्या घटकांची सूचना लागते. शाकाहारी मालावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. अंडं घातलं असेल तर लेबलच्या नियमांनुसार तो पदार्थ मांसाहारीत मोडतो आणि तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण छापावा लागतो. अंड्याच्या केकवर हिरवा ठिपका चिकटवणं ही गंभीर चूक आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, आधारवर होते, लगेच करून टाका. बॅंकेत कर्जाला गेलात की हीच आधी मागतात. व्यवसायाचं खातं वेगळं उघडा. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. बसून खायची सोय केली, म्हणजे कॅफे काढला, तर ती सेवा धरली जाते आणि मर्यादा २० लाखांवर येते. केक-पेस्ट्रीवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुनी कोष्टकं वापरू नका.

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणं नियमबाह्य आहे. गॅसवर भाजणार असाल तर १९ किलोचं व्यावसायिक कनेक्शन घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीला आधीच लेखी कळवा. तक्रार बहुधा केकमुळे होत नाही, जिन्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांमुळे होते.

७. ऑर्डर घेणं आणि पोहोचवणं

फोनवर ऑर्डर घेतली तरी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: तारीख, वेळ, वजन, स्वाद, अंड्याचा की एगलेस, केकवरचं नाव कसं लिहायचं आणि कुठल्या लिपीत, पत्ता, एकूण रक्कम, आगाऊ किती. समोरून "बरोबर" असं उत्तर आल्याशिवाय ऑर्डर पक्की धरू नका. निम्मे पैसे आगाऊ. त्याला अपवाद नाही, नात्यात तर अजिबात नाही. २४ तासांच्या आत रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत नाही, हेही त्याच संदेशात असू द्या.

नाशिकचं एक वैशिष्ट्य: सातपूर-अंबडच्या कारखान्यांना शनिवारी सुट्टी असते, आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असली की बहुधा शनिवारच निवडला जातो. वाढदिवस मात्र लोक शनिवार-रविवारीच करतात. तेव्हा शनिवारच्या केकचे स्पंज शुक्रवारी रात्री भाजून गुंडाळून ठेवा. वीज नसताना क्रीम लावता येतं, ओव्हन चालत नाही. कंपन्यांच्या ऑर्डर यामुळे शुक्रवारी येतात, ते गणितही मांडून ठेवा.

केक निघण्याआधी किमान दोन तास फ्रीजमध्ये कडक होऊ द्या. बोर्डखाली न घसरणारी जाळीची चटई. दीड किलोच्या वर किंवा दोन मजली असेल तर आत जाड स्ट्रॉ किंवा लाकडी दांडी घालून आधार द्या, आणि गिऱ्हाइकाला तसं सांगा. पावसाळ्यात खड्ड्यांतून दुचाकीवर केक नेऊ नका, मागे बसून कुणी धरला तरी नाही. रिक्षा किंवा गाडी ठरवा आणि तिचा खर्च वेगळा लावा. नाशिकरोडहून गंगापूर रोडला जायचं तर संध्याकाळी द्वारकेला अडकणार हे गृहीत धरून निघा. गणेश विसर्जनाच्या दिवशी वाकडी बारवपासून मेन रोड, रविवार कारंजा हा पट्टा मिरवणुकीमुळे बंद असतो. सिंहस्थाच्या पर्वण्यांना पंचवटीकडचे रस्ते बंद राहतील. त्या दिवशींच्या जुन्या नाशिकमधल्या ऑर्डर "स्वतः येऊन न्या" या अटीवरच घ्या.

केक देताना खोका उघडून दाखवा, फोटो काढा आणि मगच हात सोडा. उरलेले पैसे त्याच वेळी. क्रीमचा केक किती वेळ बाहेर चालेल हे तोंडी सांगून भागत नाही, खोक्यावर छोटी चिठ्ठी लावा: फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा, उन्हात गाडीत ठेवू नका.

८. दुकानांना आणि कॅफेंना माल देताना

इथे पैसा अडकतो. कॅफेवाला म्हणतो, "ठेवून जा, विकलं की देतो." पंधरा दिवसांनी विकलं किती, फेकलं किती, याचा मेळ लागत नाही. पहिल्या खेपेला थोडाच माल द्या, सही घेऊन चलन (माल दिल्याची पावती) करा आणि दुसरी खेप देताना पहिल्या खेपेचे पैसे घ्या. पैसे नाहीत तर माल परत घेऊन या. परत आलेला माल कुणी सोसायचा हे सुरुवातीलाच लिहून घ्या. कमिशन किती हे कळल्यावरच भाव सांगा, कारण २५ टक्के कमिशन तुमच्या ५५० च्या केकमधून दिलंत तर नफा आणि मजुरीचा काही भाग गेला. दुकानात कोरडा केक आणि बिस्किटंच ठेवा. क्रीमचा माल ठेवू नका, रात्री फ्रीज बंद करणारी दुकानं असतात आणि दोष तुमच्या नावावर येतो.

९. फटका बसतो तेव्हा

तो बसणारच, म्हणून तयारी आधी करा.

ओव्हन बंद पडला: ओटीजीचा रॉड किंवा थर्मोस्टॅट जातो, तोही डिसेंबरात. ओळखीच्या बेकरीशी आधीच बोलून ठेवा. दिवाळीत लोकांची नानकटाई भाजून देणाऱ्या बेकऱ्या भाड्याने भट्टी वापरू देतात, पण ऐन गर्दीत अनोळखी माणसाला नाही. जवळच्याच दुसऱ्या बेकरशी साटंलोटं ठेवलं तर आणखी बरं. तिचा ओव्हन बंद पडला की तिचे स्पंज तुम्ही भाजायचे.

तक्रार आली: आधी फोटो मागा आणि ऐकून घ्या. चूक आपली असेल तर त्याच दिवशी पैसे परत किंवा नवा केक, घासाघीस नको. आंबट वास, पोटदुखी अशी तक्रार असेल तर त्या दिवशीच्या त्या बॅचचा सगळा माल थांबवा आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन करा. यासाठीच वहीत बॅच लिहायची.

ऑर्डर थांबल्या: तीन महिन्यांचा कच्चा माल, वीज आणि हप्ते निघतील एवढी रक्कम बाजूला असावी. प्रत्येक केकमागे नफ्यातले ठरावीक रुपये त्या खात्यात टाकत गेलात तर वर्षभरात जमते. मंदीत भाव पाडू नका. अर्धा किलोचे केक, सहा कपकेकचा डबा, सोसायटीत नानकटाईची आगाऊ नोंदणी अशी छोटी मापं काढा.

दिवाळी आणि नाताळात उलटा धोका असतो. आपला ओव्हन दिवसात किती केक भाजू शकतो हे मोजलेलं असू द्या: एका वेळी दोन टिन, एका घाण्याला पाऊण तास, पाच तासांत सहा घाणे, म्हणजे बारा स्पंज. सजावटीला मिळणारा वेळ तर त्याहूनही कमी केकना पुरतो. तो आकडा गाठला की ऑर्डर घेणं बंद. शेवटच्या चार जास्तीच्या केकमुळे आधीच्या बाराही केकना उशीर होतो.

१०. मोठं कधी व्हायचं आणि पैसा कुठून

खूण अशी: सलग सहा महिने महिन्यातून तीन-चार वेळा जागा किंवा ओव्हन अपुरा पडल्यामुळे ऑर्डर नाकाराव्या लागल्या, तर यंत्र घ्यायची वेळ झाली. पहिलं यंत्र डीप फ्रीजर असावं, मग दोन ट्रेचा डेक ओव्हन (बेकरीतला सपाट कप्प्याचा ओव्हन), मग १० लिटरचा प्लॅनेटरी मिक्सर (मोठा स्टॅंड मिक्सर). फ्रीजर आधी, कारण स्पंज आठवडाभर आधी भाजून ठेवता आले की त्याच ओव्हनमधून कितीतरी जास्त काम निघतं.

मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. अनुदान हवं असेल तर पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात घ्या. शहरात महिलांना प्रकल्पखर्चाच्या २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान त्याच्या २०२५-२६ पर्यंतच्या नियमांत आहे. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान ठरलेलं आहे. अर्ज स्वीकारणं सुरू आहे का ते कृषी विभागाच्या कार्यालयात आधी विचारा. अनुदानाची रक्कम कर्ज मंजूर झाल्यावर बॅंकेत येते आणि काही काळ अडकून राहते, हातात रोख पडत नाही. हप्ता पूर्ण रकमेचा गृहीत धरूनच हिशेब करा. बॅंकेत जाताना सहा महिन्यांचं खात्याचं विवरण, यंत्रांची कोटेशनं, उद्यम आणि अन्न नोंदणी सोबत न्या. यूपीआयवर घेतलेले पैसे विवरणात दिसतात, रोखीचे दिसत नाहीत.

गाळा बघायला गेलात की भाड्याआधी या गोष्टी तपासा: वीजजोडणी व्यावसायिक आहे का आणि मंजूर भार किती किलोवॉट आहे, भार वाढवायचा झाला तर अर्ज कुणी करायचा, पाणी किती तास येतं, सांडपाण्याला उतार आहे का, छताला गळती आहे का. गळती उन्हाळ्यात दिसत नाही, भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातले पिवळे डाग बघा. जुन्या भाडेकरूची वीज आणि घरपट्टीची थकबाकी शून्य असल्याचा कागद घ्या. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देऊन भागतं. अन्न नोंदणीवर जुना पत्ता असेल तर नव्या जागेत पहिला केक भाजण्याआधी ती बदलून घ्या. आणि करार किमान तीन वर्षांचा, नोंदणीकृत असू द्या. भट्टी, वायरिंग, टाइल्सवर घातलेला पैसा अकरा महिन्यांत वसूल होत नाही.